इम्प्लांटचा दर: आकडा नेमका कशाचा?

दाताच्या इम्प्लांटसाठी, म्हणजे हाडात बसवायच्या कृत्रिम दातासाठी, दोन दवाखान्यांच्या दरांत दुपटीचा फरक दिसला, तर आधी विचारा: हा दर नुसत्या स्क्रूचा की पूर्ण दाताचा? इम्प्लांटचे तीन भाग असतात. हाडात बसणारा टायटॅनियमचा स्क्रू, त्यावरचा जोड म्हणजे अबटमेंट, आणि वरची कॅप. स्वस्त वाटणारा आकडा पुष्कळदा पहिल्याच भागाचा असतो. कॅपचं बिल स्क्रू हाडात पक्का झाल्यावर, साधारण ३ ते ६ महिन्यांनी हातात पडतं.

म्हणून लेखी अंदाजपत्रक घ्या. सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा थ्रीडी एक्स-रे), दात काढणं, तात्पुरता दात, सगळं सुटं सुटं लिहून हवं. हाड कमी असेल तर बोन ग्राफ्ट म्हणजे हाडाची भर, वरच्या दाढांना कधी सायनस लिफ्ट, म्हणजे सायनसचा तळ उचलून खाली हाड भरणं, लागते. स्कॅनआधी फोनवर सांगितलेला दर टिकत नाही तो यामुळेच. वॉरंटी कशावर, तेही पाहा. अनेकदा ती फक्त स्क्रूवर असते, कॅप तुटली तर खर्च तुमचा.

आणि स्क्रूच्या पाकिटावरचं स्टिकर मागून घ्याच. त्यावर कंपनी, व्यास, लांबी, लॉट नंबर असतो. पुढे जोड सैल झाला नि डॉक्टर बदललेले असले, तर त्याच कंपनीच्या त्याच सिस्टिमचा सुटा भाग आणि ड्रायव्हर (स्क्रू फिरवायचं अवजार) लागतो. स्टिकर नसेल तर नुसत्या एक्स-रेवरून कंपनी ओळखत बसावं लागतं.