लेकीचं नाव हजेरीवर कसं आलं

2022 ची गोष्ट. लेक नववीत. घरी-शेजारी ती मुलगीच, हजेरीत मात्र जुनं, मुलाचं नाव. "हजर" म्हणताना तिचा आवाज घशातच राहायचा.

शाळेतले लिपिक म्हणाले, "डॉक्टरचा दाखला आणा." तेव्हा तो लागतच नव्हता! 2019 च्या कायद्यानुसार जिल्हाधिकारी ट्रान्सजेंडर ओळखीचं प्रमाणपत्र देत, तेही वैद्यकीय तपासणीशिवाय. मूल अल्पवयीन असलं तर अर्ज पालकांनी करायचा होता. राष्ट्रीय पोर्टलवर मीच भरला, सोबत प्रतिज्ञापत्र. (फोटो तीनदा अपलोड करावा लागला, ते सोडा.)

प्रमाणपत्राची प्रत आणि त्याच कायद्याच्या 2020 च्या नियमांची छापील पानं जोडून मुख्याध्यापिकांना अर्ज दिला, पोचेचा शिक्का घेतला. तो शिक्काच कामाला आला. पुढच्या महिन्यात हजेरीपत्रकावर नवं नाव. स्वच्छतागृहाचं बाई स्वतःच बोलल्या, "सध्या आमचं वापरू दे तिला."