शिकागोच्या छोट्या क्लबमध्ये ब्ल्यूज-रॉक ऐकायला जाताना

ब्ल्यूज-रॉक, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्ल्यूज गाण्यांवर उभे राहिलेले रॉक संगीत, म्हटले की कानठळ्या बसवणारा आवाज आणि लांबलचक गिटारवादन एवढेच अनेकांना आठवते. मोठ्या मैदानावरच्या कार्यक्रमात बहुधा तेवढेच पदरात पडते. पण छोट्या क्लबमध्ये हे संगीत ऐकायला जायचे ते त्यातल्या हळुवार जागांसाठी, आणि त्या जागा नीट कानी पडाव्यात म्हणून थोडी पूर्वतयारी करणे आवश्यक आहे.

शिकागो हे या संगीताचे हक्काचे घर आहे. मिसिसिपीच्या शेतमळ्यांतून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे कामाच्या शोधात या शहरात आली. ब्ल्यूज गायक-गिटारवादक मडी वॉटर्स 1943 साली आले आणि गजबजलेल्या दारूच्या गुत्त्यांत साध्या गिटारचा आवाज पोहोचेना, म्हणून विजेच्या गिटारकडे वळले. पुढे 1965 मध्ये शिकागोच्याच, रॉककडे झुकणाऱ्या पॉल बटरफिल्ड ब्ल्यूज बँडची पहिली तबकडी आली, तेव्हा त्यातले बासवादक जेरोम अर्नोल्ड आणि ड्रमवादक सॅम ले हे ब्ल्यूज गायक हाउलिन वुल्फ यांच्या वाद्यवृंदातून आलेले होते. ब्ल्यूज आणि रॉक यांच्यातली भिंत या शहरात पहिल्यापासूनच पातळ राहिली आहे.

क्लब निवडताना आपल्याला काय हवे ते आधी ठरवावे. 1968 पासून चालू असलेल्या हॉल्स्टेड रस्त्यावरील किंग्स्टन माइन्समध्ये दोन मंच आहेत आणि दोन बँड आलटून-पालटून वाजवत असल्यामुळे पहाटेपर्यंत संगीत थांबत नाही. वाबॅश रस्त्यावरील ब्ल्यूज गिटारवादक-गायक बडी गाय यांचा लेजंड्स हा क्लब 1989 चा. तेथे स्वतः बडी गाय वर्षानुवर्षे जानेवारी महिन्यात गात आले आहेत आणि त्या दिवसांची तिकिटे फार आधी काढावी लागतात. 2011 मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्ल्यूज महोत्सवात ज्यांनी त्यांना ऐकले असेल, त्यांनी ही संधी साधावीच. तरीही प्रथमच जाणाऱ्याला मी आर्मिटेज रस्त्यावरील रोझाज लाउंज सुचवेन. मिलानहून आलेल्या एका ड्रमवादकाने 1984 मध्ये आपल्या आईच्या नावाने काढलेली ही जागा लहान आहे आणि तेथे येणारे लोक खरोखर ऐकायला येतात. शक्यतो शनिवार टाळून आठवड्यातला मधला वार निवडावा, कारण शनिवारच्या गर्दीत गप्पांचाच आवाज वरचढ होतो. दारात वयाचा पुरावा मागतात; मद्यासाठी वयाची मर्यादा 21 वर्षे आहे, त्यामुळे परदेशी पाहुण्याने मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा आणि मोबाइलमधल्या छायाचित्रावर विसंबू नये.

कार्यक्रम साधारणपणे दोन किंवा तीन भागांत, मध्ये विश्रांती घेऊन होतो. पहिल्या भागात वादक दालनाचा आणि श्रोत्यांचा अंदाज घेत असतात. हात मोकळे होतात ते दुसऱ्या भागात. म्हणून जेवण आधीच उरकून घ्यावे आणि पहिल्या मध्यंतरात काढता पाय घेऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न जागेचा. मंचाला चिकटून उभे राहण्याचा मोह सर्वांनाच होतो, पण छोट्या क्लबमध्ये गिटारचा आवाज बराचसा थेट वादकाच्या मागे ठेवलेल्या अँप्लिफायरमधून येतो आणि तो एखाद्या झोतासारखा समोर सरळ रेषेत जातो. त्या रेषेत उभे राहिल्यास गिटारच गिटार ऐकू येते. गायकाचा आवाज मात्र मंचाच्या दोन्ही बाजूंच्या स्पीकरमधून बाहेर पडून आपल्याला वळसा घालून पुढे जातो. ध्वनिनियंत्रक जेथे मिक्सर घेऊन बसलेला असतो, त्याच्या आसपासची जागा उत्तम, कारण तो स्वतःच्या कानांना जुळेल असाच मेळ साधत असतो. वादकाची बोटे पाहायची असतील तर एखादे गाणे पुढे जाऊन पाहावे आणि परत यावे.

कानांची काळजी घ्यावी. अमेरिकेतील नायॉश या कामगारांच्या आरोग्याविषयीच्या सरकारी संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबलचा आवाज आठ तास सहन करता येतो आणि पुढे दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे 100 डेसिबलला ती जेमतेम पाव तास उरते. फोमचे बोळे चालतात, परंतु ते तार सप्तकातली चमक अधिक कापतात. संगीतकारांसाठी मिळणारे प्लग सर्व स्वर सारख्या प्रमाणात कमी करतात, म्हणून ते घेणे चांगले.

ऐकताना चार-चार मात्रांच्या बारा गटांचे आवर्तन मनात धरावे. गायक एक ओळ म्हणतो आणि उरलेल्या जागेत गिटार तिला उत्तर देते. तीच ओळ पुन्हा येते, तिसरी ओळ वेगळी असते आणि शेवटच्या दोन गटांत सारे जण वळण घेऊन पुन्हा आरंभाशी येतात. हे आवर्तन एकदा अंगवळणी पडले की आपल्याकडच्या बैठकीत समेवर दाद जाते तशीच ती येथेही आपोआप जाते. एकल वादन संपताच टाळ्या द्याव्यात, गाणे संपण्याची वाट पाहू नये. कधीतरी प्रमुख वादक तळहात खाली दाबल्यासारखा हलवतो, ड्रमवादक काठीचे नुसते टोक झांजेला लावू लागतो, बास कुजबुजीवर येतो आणि गिटारची तार बोटाने किती ओढली तेही ऐकू येते. त्या क्षणी बोलू नये, पेला आपटू नये, मोबाइलचा उजेड पाडू नये आणि एखाद्या प्रसिद्ध गाण्याची फर्माईश तर मुळीच ओरडून करू नये. तेवढ्या शांततेवर पुढचा सगळा स्फोट उभा राहतो, आणि ती राखणे श्रोत्यांच्याच हाती असते.

मंचाजवळ बरणी ठेवलेली असल्यास तीत काही डॉलर जरूर टाकावेत, आणि पेयामागे एक-दोन डॉलर वाढप्याला द्यावेत, म्हणून सुट्या नोटा जवळ ठेवाव्यात. गाणे आवडले तर मध्यंतरात वादकांकडूनच सीडी विकत घ्यावी. ते पैसे थेट त्यांना मिळतात. परतीसाठी शहरातल्या लोकल रेल्वेची रेड लाइन रात्रभर चालते: लेजंड्सला हॅरिसन आणि किंग्स्टन माइन्सला फुलर्टन हे स्थानक सोयीचे आहे. रोझाज मात्र रेड लाइनपासून दूर आहे, त्यामुळे तेथून टॅक्सीच करावी.