फ्रेंच इंग्रजीमार्गे शिकताय? मग या चुका टाळा

कॉलेजात फ्रेंच घेणाऱ्या मराठी मुलांच्या बऱ्याच चुका फ्रेंचच्या नसतातच, त्या इंग्रजीच्या असतात. सांगायचं असतं 'मला भूक लागलीय', मनात तयार होतं 'आय अ‍ॅम हंग्री' आणि कागदावर उतरतं 'झ स्वी फँ', म्हणजे शब्दशः 'मी भूक आहे'. फ्रेंच माणसाकडे भूक 'असते', वयही 'असतं': झे फँ (माझ्याकडे भूक आहे), झे दीझ्वीत आँ (माझ्याकडे अठरा वर्षं आहेत). मराठीतही भूक आपल्याला लागते, आपण भूक 'नसतो'. मग मधल्या वळशाची गरज काय? वर्गात शिकवणं इंग्रजीतून होतं म्हणून डोकंही इंग्रजीतून चालवायलाच हवं असं नाही.

उच्चार: त हा तच आहे

'टेबल' या अर्थाचा फ्रेंच शब्द मुलं 'टाब्ल' असा म्हणतात. का, तर इंग्रजीत टी म्हणजे ट. फ्रेंच टी आणि डी दातांवरचे आहेत, सरळ आपले त आणि द. म्हणून 'ताब्ल'. प, त, क म्हणताना इंग्रजीसारखी हवेची फुंकरही मारायची नाही. जन्मापासून जमणारी गोष्ट आपण हट्टाने बिघडवतो!

देवनागरीत उच्चार लिहून ठेवण्याची सवय मात्र फार दिवस ठेवू नका. या लेखात मीही तेच करतोय, पण ती निव्वळ सोय आहे. 'वाइन', 'वारा' आणि '(ते) जातात' या तीन फ्रेंच शब्दांमध्ये फरक फक्त अनुनासिक स्वराचा, आणि आपल्या चंद्रबिंदूत तो नीट मावत नाही. फ्रेंच 'त्यू' (म्हणजे 'तू') मधला स्वरही तसाच. जीभ 'ई'ला ठेवायची आणि ओठ 'ऊ'साठी गोल करायचे. हे वहीत उतरत नाही, आरशासमोर जमतं.

लिंग आणि कर्ता

शब्द कधीही एकटा पाठ करू नका. 'ताब्ल' नाही, 'ला ताब्ल'; 'ला'वरून स्त्रीलिंग कळतं. मराठीत तीन लिंगं सांभाळणाऱ्याला दोन लिंगांचं भय नसावं. 'चांगला-चांगली-चांगलं' आपण विचार न करता बदलतो. फसगत होते ती मराठीतलं लिंग तसंच उचलल्यावर. आपला चंद्र पुल्लिंगी, त्यांची 'ला लून' स्त्रीलिंगी.

आणखी एक खास मराठी चूक म्हणजे कर्ता गाळणं. 'जातो' म्हटलं की आपल्याला पुरतं. फ्रेंचमध्ये मी, तू, तो आणि ते या चौघांचं 'बोलणं' कानाला एकच 'पार्ल' ऐकू येतं. पुढे सर्वनाम नसेल तर कोण बोलतंय ते कळणारच नाही.

भूतकाळ: 'गेलो' की 'जायचो'?

सर्वांत जास्त गुण इथे जातात. फ्रेंच भूतकाळाची दोन रूपं, घडून गेलेल्या क्रियेचं पासे काँपोझे आणि चालू असलेल्या किंवा सवयीच्या क्रियेचं अँपार्फे, यातलं कोणतं कुठे? इंग्रजीतलं 'वेंट' दोन्हीकडे चालतं, त्यामुळे इंग्रजीतून विचार करणारा अंदाजाने ठोकतो. वाक्य मराठीत म्हणून बघा. 'गेलो' आलं तर पासे काँपोझे, 'जायचो' किंवा 'जात होतो' आलं तर अँपार्फे. 'मी वाचत होतो, तेवढ्यात फोन वाजला' यात 'वाचत होतो' अँपार्फे, 'वाजला' पासे काँपोझे. ही कसोटी बहुतेक ठिकाणी चालते. फसवतो तो नुसता 'होता'. 'तो आजारी होता' हे वर्णन झालं, म्हणून अँपार्फे. पण 'तो तीन दिवस आजारी होता' म्हटलं की काळाला कुंपण पडलं, तिथे पासे काँपोझे.

पुढची गंमत तर इंग्रजीत सापडतच नाही. आपण 'मी चिठ्ठी लिहिली' म्हणतो, तेव्हा क्रियापद चिठ्ठीच्या लिंगाने चालतं. फ्रेंचही असं करतं, पण कर्म क्रियापदाच्या आधी आलं तरच. 'झे एक्री ला लेत्र' यात बदल नाही. 'ला लेत्र क झे एक्रीत' (मी लिहिलेली चिठ्ठी) यात शेवटचा त ऐकू येतो. ही अट विसरली की मराठी कान सगळीकडेच मेळ घालायला लागतो.

आकडे ऐकताना घाई

७० म्हणजे साठ-दहा, ८० म्हणजे चार-वीस, ९७ म्हणजे चार-वीस-दहा-सात. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये ७० आणि ९० साठी सुटसुटीत 'सेप्ताँत', 'नोनाँत' आहेत, फ्रान्समध्ये नाहीत. फ्रान्समधला दहा आकडी फोन नंबर दोन-दोनच्या जोड्यांत सांगतात. 'साठ' ऐकून ६ लिहून मोकळं व्हावं, तर मागून 'पंधरा' येतो आणि ते ७५ होतं. जोडी पूर्ण होईपर्यंत पेन टेकवू नका.

'एक्स्क्यूझे म्वा'ने ('माफ करा') सुरुवात

फ्रान्समध्ये दुकानात शिरल्यावर किंवा कुणाला रस्ता विचारताना आधी 'बाँझूर' (नमस्कार), मग प्रश्न. ते वगळून थेट 'एक्स्क्यूझे म्वा' म्हणत विचारलं तर व्याकरण बिनचूक असूनही उद्धट ठरता. अनोळखी माणसाला 'व्हू', मित्राला 'त्यू'. इंग्रजीच्या 'यू'मध्ये हा भेद बुडालाय, आपल्या तू-तुम्हीत शाबूत आहे. 'व्हू' अनेकवचनालाही चालतं, तेही 'तुम्ही'सारखंच.

पुस्तकी कान

ए२ ही प्राथमिक पातळी संपून बी१ ही मधली पातळी सुरू झाली की मुलं म्हणतात, वाचलेलं कळतं, ऐकलेलं नाही. साहजिक आहे. 'मला माहीत नाही' पुस्तकात 'झ न से पा' असतं, रस्त्यावर 'शे पा'. 'आम्ही'साठी 'नू'ऐवजी 'ओं' येतं. डेल्फ या फ्रेंचच्या प्रमाणपत्र परीक्षेत ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं यांना प्रत्येकी २५ गुण असतात. १०० पैकी ५० हवेतच, शिवाय प्रत्येक भागात किमान ५ हवेत. त्यामुळे ऐकणं ऑप्शनला टाकून लेखनावर तरून जाऊ हा हिशेब जुळत नाही. रोज दोन मिनिटांचा एकच तुकडा तीनदा ऐका, कानावर पडलं ते फ्रेंच स्पेलिंगमध्ये उतरवा, मग लिखित मजकुराशी ताडून पाहा. पहिले काही दिवस निम्मं पान कोरं राहील.