जुना बुटीक बास गिटार घेताय? गोव्यात आधी नेक (तारांखालची दांडी) बघा, मग नाव

मे महिना लागला की हणजूण, आसगाव, हरमल या पट्ट्यात वाद्यं विकायला निघतात. सीझन संपलेला असतो, परतीचं तिकीट काढलेलं असतं आणि बासची जड केस विमानातून न्यायची कुणाची तयारी नसते. अशा वेळी एरवी काही लाखांना पडणारा, मोजक्या कारागिरांनी हातानं घडवलेला, म्हणजेच बुटीक, बास आपल्या आवाक्यात येऊ शकतो. जरूर घ्या. पण घाईनं घेऊ नका.

मी फोंड्याला राहतो, लग्नांत आणि छोट्या कार्यक्रमांत बास वाजवतो. माझा पाच तारांचा बास मी असाच मे अखेरीस घेतला. नाव खरं, सिरियल नंबर खरा, आवाज भरीव. जुलैत तारा फिंगरबोर्डपासून, म्हणजे नेकवरच्या लाकडी पट्टीपासून, इतक्या वर उचलल्या की वरच्या फ्रेटवर (त्या पट्टीवरच्या आडव्या धातूच्या कांड्यांवर) बोट दाबवेना. दुरुस्तीला दिला तेव्हा कळलं, ट्रस रॉड (नेकच्या आतली, तो सरळ ठेवणारी सळई) आधीच शेवटपर्यंत आवळलेला होता. विकणाऱ्यानं ब्रिजवरचे सॅडल (तारांचे टेकू) तळाला टेकवून ॲक्शन (तारांची उंची) खाली दाखवली होती. तेव्हापासून मी नाव शेवटी बघतो. तरी कामाचा क्रम म्हणून सुरुवात नावापासूनच करू, कारण ते घरबसल्या होतं.

जाण्याआधी

विकणाऱ्याकडून फोटो मागवा: हेडस्टॉक (नेकचं टोक, जिथे तारा पिळतात) पुढून-मागून, सिरियल नंबर, नेक जिथे बॉडीला मिळतो तो भाग, आणि मागचं झाकण काढून आतलं वायरिंग. मग तो नंबर थेट बनवणाऱ्याला ईमेल करा. छोट्या कार्यशाळांना आपलं प्रत्येक वाद्य ओळखीचं असतं. लाकूड कोणतं, पिकअप (तारांचा सूर टिपणारे भाग) कोणते, रंग कोणता, हे त्यांना विचारा आणि फोटोशी ताडून पाहा. अलेम्बिक या कंपनीच्या नंबरातले पहिले दोन आकडे साल सांगतात. सत्तरच्या दशकातला म्हणून कुणी विकत असेल आणि नंबर ९१ नं सुरू होत असेल, तर तिथेच थांबा. उत्तर यायला काही दिवस लागतील, तेवढं थांबायला विकणारा तयार नसेल तर तो बास सोडून द्या.

नाव खरं असूनही फसवणूक होते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. सॅडोव्स्कीचंच उदाहरण घ्या. रॉजर सॅडोव्स्की यांच्या न्यूयॉर्कच्या कार्यशाळेतला बास वेगळा, टोकियोत बनलेलं जुनं मेट्रो मॉडेल वेगळं. पुढे वॉरविक या जर्मन कंपनीशी करार झाल्यावर जर्मनीत मेट्रोलाइन आणि चीनमध्ये मेट्रोएक्सप्रेस बनू लागले. चारही अस्सल, पण किमतींत जमीन-अस्मानाचा फरक. मेट्रोएक्सप्रेस चांगला बास आहे, पण तो न्यूयॉर्कच्या भावानं घेणं म्हणजे शुद्ध नुकसान.

हातात घेतल्यावर

उजेडात बसा, टॉर्च सोबत ठेवा. फोडेरा कंपनीच्या बासच्या हेडस्टॉकवरचं फुलपाखरू प्रसिद्ध आहे, म्हणून त्याच्या नकलाही निघतात. शिंपल्याची जडण असेल तर टॉर्च हलवताना तिचा रंग सरकतो. आपल्या जुन्या घरांच्या शिंपल्यांच्या खिडक्यांवर उजेड कसा फिरतो ते आठवा. प्लास्टिक किंवा स्टिकर प्रत्येक कोनातून सारखंच पांढरट दिसतं. जडणीच्या कडेवरून नख फिरवा, स्टिकरची कड नखाला लागते.

मग बॉडीची कड बघा. वर जाड, नक्षीदार लाकडाचा थर आहे असं सांगितलं असेल तर वरच्या रेषा कडेवर उतरलेल्या दिसायला हव्यात. नेक-थ्रू बासमध्ये नेकच्या लाकडाच्या पट्ट्या हेडस्टॉकपासून बॉडीच्या शेवटापर्यंत सलग जातात. मध्येच तुटल्या असतील तर तो नेक-थ्रू नव्हे.

नेक, यालाच जास्त वेळ द्या

बास ट्यून करा. हेडस्टॉककडून एक डोळा मिटून नेकच्या दोन्ही कडा बघा. त्या एका पातळीत नसतील, म्हणजे नेकला पीळ असेल, तर दुरुस्ती महागात जाते. मग जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवरची फट पाहा. साधं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल, इतकी पुरे.

आता खरी परीक्षा. मालकाची परवानगी घेऊन, नेमक्या मापाच्या चावीनं ट्रस रॉडचा नट पाव फेरा सैल करा, मग पुन्हा आवळा आणि किंचित पुढे नेऊन पाहा. नट पुढे सरकायला जागा हवी. गच्च अडला असेल आणि सॅडलही तळाला टेकलेले असतील, तर पावसाळ्यात तुमच्या हातात काहीच उरणार नाही. परवानगीच मिळाली नाही, तर ट्रस रॉड संपलेला आहे असं धरूनच भाव बोला.

प्रत्येक तार, प्रत्येक फ्रेट वाजवा. ‘जी’ (G) तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास सूर लवकर विझतो का ते कान देऊन ऐका. असा मुका सूर पुष्कळ चांगल्या बासमध्ये असतो. तो खपवून घेता येतो, पण भावात धरावा. शेवटी हेडस्टॉकजवळच्या नटच्या (तारा टेकतात त्या पट्टीच्या) मागे टॉर्च मारा. तिथे पॉलिशमध्ये केसासारखी रेघ दिसली तर हेडस्टॉक एकदा तुटून जोडलेला असू शकतो.

खारी हवा आणि ओल

केस उघडल्याबरोबर वास घ्या. कपाट बंद राहिल्यावर पावसाळ्यात जो वास येतो तोच आला, तर अस्तराखालीही बोट घालून पाहा. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये वाजलेल्या बासचे सॅडलचे स्क्रू गंजून बसलेले असतात, ते फिरतात का बघा. बॅटरीचा कप्पा उघडा. हिरवट-पांढरी भुकटी दिसली तर प्रीअँपच्या (बासमधल्या, बॅटरीवर चालणाऱ्या सर्किटच्या) तारांपर्यंत ती गेली आहे का ते तपासा. नवी नऊ व्होल्टची बॅटरी घरूनच न्या, काही बासना दोन लागतात. सगळ्या नॉब फिरवा, जॅकमध्ये केबल हलवा, खरखर ऐका. नुसती खरखर दुरुस्त होते. लाकडाचे सांधे नखाला जाणवत असतील, तर मात्र डिंक सुटायला लागलेला असू शकतो.

पैसे देताना

फिंगरबोर्ड ब्राझिलियन रोझवूडचा आहे असं कुणी सांगितलं तर कागद मागा. ते लाकूड १९९२ पासून साइटीस या वन्यजीव-वनस्पती व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. परवान्याशिवाय असं वाद्य देशाबाहेर नेता-आणता येत नाही. मूळ खरेदीची पावती विचारा, चोरीचा माल टाळायला तेवढी खबरदारी हवीच. पैसे बँकेतून द्या. साध्या कागदावर का होईना, सिरियल नंबर, तारीख आणि विकणाऱ्याची सही घ्या. त्याच संध्याकाळी बनवणाऱ्याला मालक बदलल्याचं कळवून टाका, म्हणजे पुढे तुम्ही विकाल तेव्हा तो नंबर तुमच्या नावावर सापडेल.