बडी हॉलीची गाणी बसवताना: उजवा हात, गळा आणि पुठ्ठ्याचं खोकं

रॉक अँड रोलच्या पहिल्या पिढीतला एकच गायक गिटार घेऊन शिकायचा असेल, तर बडी हॉली निवडावा. लिटल रिचर्डला पियानो लागतो, एल्व्हिसचा आवाज उसना मिळत नाही आणि चक बेरीचे सोलो बोटांत मुरायला बराच काळ जातो. हॉलीची बहुतेक गाणी तीन-चार कॉर्डांत संपतात. तरीही ऐकलेल्यासारखी ती सहसा वाजत नाहीत, कारण त्यांची गंमत कॉर्डांत नाहीच. ती उजव्या हातात आहे, गळ्यात आहे आणि प्रत्येक गाण्याला नेमकी किती वाद्यं द्यायची या निर्णयात आहे.

हा निर्णय त्याला घेता आला यामागे एक व्यावहारिक कारण होतं. ७ सप्टेंबर १९३६ ला टेक्सासमधल्या लबक गावी जन्मलेल्या हॉलीने १९५६ मध्ये डेका कंपनीसाठी नॅशव्हिलला रेकॉर्डिंग केलं. तिथे वेळ मोजून मिळायचा आणि काय कसं वाजायचं हे बऱ्याच अंशी इतरच ठरवायचे. ते काही जमलं नाही. पुढच्या वर्षी तो न्यू मेक्सिकोतल्या क्लोव्हिसला, नॉर्मन पेटीच्या स्टुडिओत गेला. पेटी तासावर नाही तर गाण्यावर पैसे घ्यायचा. त्यामुळे रात्र रात्र बसून एकेक गाणं उलटसुलट करून बघता आलं. सप्टेंबर १९५७ मध्ये 'दॅटल बी द डे' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि ३ फेब्रुवारी १९५९ ला आयोवात क्लिअर लेकजवळ विमान कोसळून हॉली गेला. तेव्हा तो २२ वर्षांचा होता. शिकण्यासारखं जवळपास सगळं या दोन तारखांच्या आसपास आहे.

आधी गिटार नीट लावून घ्या

हॉली फेंडर स्ट्रॅटोकास्टर वाजवायचा. तुमच्याकडे सिंगल कॉइल पिकअपची (पिकअप म्हणजे तारांचा आवाज टिपणारा, गिटारवरचा चुंबकी भाग) कोणतीही गिटार असली तरी चालेल, साधी अकूस्टिकही चालेल. तारा मात्र ११ च्या सेटच्या घ्या, म्हणजे सगळ्यात पातळ तार ०.०११ इंचाची. ९ च्या सेटवर जोरात डाउनस्ट्रोक (वरून खाली छेडणं) मारले की तार ताणली जाते, सूर क्षणभर चढतो आणि पूर्ण कॉर्ड बेसूर ऐकू येते. ट्यूनर बरोबर दाखवतो आणि कान मात्र नाही म्हणतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. पिक (तारा छेडायची चकती) ०.७३ ते ०.८८ मिलिमीटरचं घ्या. त्याहून पातळ पिक फडफडतं, जाड पिक तारेत अडकतं. अँपवर गेन कमी, ट्रेबल थोडा वर, बास बेताचा. डिस्टॉर्शन अजिबात नको. या आवाजात कॉर्डमधला प्रत्येक सूर सुटा ऐकू यावा लागतो.

पहिलं गाणं: दॅटल बी द डे

पट्टी ए, म्हणजे आपली पांढरी सहा. कॉर्ड डी, ए, ई सेव्हन आणि बी सेव्हन. ध्रुवपद ए वर नाही तर डी वर सुरू होतं, हे आधी कानात बसवा. नवशिका सवयीने ए धरतो आणि पहिल्याच शब्दाला फसतो. कडव्यातही डी-ए, डी-ए असाच झोका आहे आणि शेवटी बी सेव्हन ते ई सेव्हन अशी चढण. ध्रुवपदाच्या शेवटी वाद्यं थांबतात आणि आवाज एकटा उरतो. तिथे उजव्या हाताचा तळवा तारांवर सपाट ठेवून आवाज पूर्ण बंद करा. कॉर्ड गुंजत राहिली तर त्या जागेचा दम जातो.

या गाण्याची नॅशव्हिलमधली १९५६ ची आवृत्तीही ऐकायला मिळते. ती आणि क्लोव्हिसची फेब्रुवारी १९५७ ची आवृत्ती पाठोपाठ ऐका. गाणं तेच, गायक तोच, पण क्लोव्हिसमध्ये तो घाईत नाही. डेकाच्या करारामुळे ती गाणी त्याला स्वतःच्या नावाने पुन्हा रेकॉर्ड करता येत नव्हती, म्हणून ही तबकडी 'द क्रिकेट्स' या त्याच्या बँडच्या नावाने आली. शोधताना दोन्ही नावं टाका. ब्रन्सविक लेबलवर क्रिकेट्स आणि कोरल लेबलवर बडी हॉली, अशी त्याची गाणी दोन नावांनी विखुरली आहेत.

पेगी स्यू: इथे महिना द्यावा

हॉलीचा उजवा हात म्हणजे काय ते या गाण्यात कळतं. कॉर्ड ए, डी, ई आणि एका जागी अनपेक्षित एफ. रचना बारा बारची (इथे बार म्हणजे चार ठोक्यांचं एक आवर्तन). प्रत्येक बारमध्ये आठ स्ट्रोक, आणि सगळे डाउन. लय मिनिटाला साधारण १५० ठोक्यांची, म्हणजे सेकंदाला पाच स्ट्रोक. एका कडव्यात ९६ आणि अडीच मिनिटांच्या गाण्यात सातशेहून अधिक. एकही अपस्ट्रोक घेतला की घोडा लंगडतो. वर येणारा स्ट्रोक पातळ तारांना आधी लागतो, त्यामुळे एक ठोका उजळ आणि एक मंद होतो, आणि या गाण्याची सपाट, अखंड धाव मोडते.

मेट्रोनोम ९० वर ठेवून सुरुवात करा. फक्त ए कॉर्ड, दोन मिनिटं, एका दमात. पिक बोटांतून तीन-चार मिलिमीटरच बाहेर असू द्या, म्हणजे ते तारांत खोल जात नाही. हालचाल मनगटातून यायला हवी आणि स्ट्रोकची झेप लहान हवी: खालच्या तारेच्या पुढे दोन बोटांपेक्षा जास्त नाही. सहाच्या सहा तारा दर वेळी वाजायलाच हव्यात असं नाही, तीन-चार पुरतात. दोन मिनिटं न अडखळता झाली की पाचाने वाढवा. ११५ ते १२५ च्या दरम्यान बहुतेकांचा हात अडतो. कोपराखालचा स्नायू दगडासारखा होतो. त्या वेळी जोर लावू नका, थांबा, हात झटका आणि पिकची पकड सैल करा. पिक पडेल की काय अशी भीती वाटेल इतकी सैल पकडच योग्य असते. दुखत असताना पुढे रेटलं तर मनगटाचं दुखणं मागे लागेल.

एफ चा पेच असा सोडवा. त्या कडव्यापुरती ए कॉर्ड पाचव्या फ्रेटवर बार करून, म्हणजे तर्जनी सगळ्या तारांवर आडवी दाबून, धरा. मग तोच आकार चार फ्रेट खाली पहिल्या फ्रेटवर सरकवला की एफ मिळते आणि परत वर आलं की ए. बोटं उचलायचीच नाहीत, दाब थोडा सैल करून हात सरकवायचा. उघडी ए आणि बारची एफ अशी अदलाबदल या वेगात केली तर हमखास एक स्ट्रोक गळतो.

सोलोही सुट्या सुरांचा नाही, कॉर्डांचाच आहे, पण तो अचानक झगझगीत होतो. हॉलीचा उजवा हात एक क्षणही मोकळा नव्हता, म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी दुसरा गिटारवादक निकी सलिव्हन याने बाजूला बसून त्याच्या गिटारवरचा पिकअपचा स्विच बदलला. निकीने त्या गाण्यात केलं ते एवढंच. घरी वाजवताना सोबतीला कोणी असेल तर असंच करा, नाहीतर स्विच बोटाने नव्हे तर करंगळीच्या कडेने ढकलायची सवय लावा.

ड्रमर जेरी ॲलिसनने इथे सरळ ठेका न देता पॅराडिडल वाजवले: उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. त्यांचा गडगडाट इतका होता की ड्रम मुख्य खोलीबाहेर मांडावे लागले. पेटीने ड्रमचा आवाज स्टुडिओच्या इको चेंबरमध्ये (आवाज घुमवणाऱ्या रिकाम्या खोलीत) लयीत आत-बाहेर सोडला. म्हणून तो लाटांसारखा जवळ-दूर होतो. संगणकावर हे करायचं तर स्नेअरची (ड्रमच्या तळाशी असलेली तारांची) जाळी सैल सोडून ड्रम रेकॉर्ड करा, त्याचा एक सेंड, म्हणजे आवाजाची वेगळी वाट, छोट्या खोलीच्या रिव्हर्बला (घुमाऱ्याला) द्या आणि तो सेंड हाताने उघड-बंद करत ऑटोमेशन लिहा. रिव्हर्ब सतत चालू ठेवला तर नुसता घोळ ऐकू येतो.

उचकी

हॉलीच्या गाण्यातली ती प्रसिद्ध उचकी नक्कल करणारे लोक बहुधा बिघडवतात. आपल्याकडे गाणं शिकलेल्यांची अडचण वेगळी असते. त्यांच्या गळ्यातून तिथे मुरकी निघते. मुरकीत सूर एकमेकांत वळतात, उचकीत मात्र सूर तुटायला हवा. किशोरकुमारच्या योडलिंगमध्ये आवाज छातीतून डोक्यात उडी मारतो आणि तिथे रेंगाळतो. हॉली ती उडी अर्धवटच मारतो आणि लगेच खाली येतो.

करून बघण्याची रीत: 'अ' हा स्वर मध्यम आवाजात धरा. घशाशी श्वास क्षणभर अडवा, 'अं-अं' असं नकार देताना अडतो तसा. सोडताना आवाज किंचित वरच्या, पोकळ जागी जाऊ द्या आणि तत्काळ मूळ सुरावर या. सुरुवातीला अगदी हळू आवाजात करा. जोर लावला की खोकला येतो आणि घसा बसतो. जमलं की 'रेव्ह ऑन' घ्या. त्याच्या पहिल्याच शब्दाचे, साध्या 'वेल'चे, हॉलीने सहा तुकडे केले आहेत. बोटांवर मोजत म्हणा: प्रत्येक तुकडा वेगळा, मध्ये श्वास घ्यायचा नाही, आणि सहावा तुकडा संपतो तिथे लय सुरू.

उचकी दर शब्दाला घेऊ नका. तो ती ओळीच्या सुरुवातीला किंवा लांब स्वरावर घेतो आणि पुढची ओळ सरळ गातो. उरलेल्या ठिकाणी आवाज कधी पोरसवदा, कधी घोगरा होतो. 'पेगी स्यू'च्या कडव्यांत ते नाव दर वेळी वेगळ्या आवाजात येतं, तेवढंच लक्ष देऊन ऐकलं तरी खूप शिकायला मिळतं.

नॉट फेड अवे: सोळा मात्रा, पण तीनताल नव्हे

या गाण्याचा ठेका गिटारवादक बो डिडलीचा. सोळा मात्रा मोजा आणि १, ४, ७, ११, १३ वर टाळी द्या. तीनतालात वाढलेला हात चौथ्याऐवजी पाचव्या मात्रेवर पडतो, कारण तिथे दुसरी टाळी असते. म्हणून सुरुवातीला तोंडाने ३-३-४-२-४ असे गट म्हणा: धा-तिं-तिं, धा-तिं-तिं, धा-तिं-तिं-तिं, धा-तिं, धा-तिं-तिं-तिं. हे डोळे मिटून जमल्याशिवाय गिटार हातात घेऊ नका. पट्टी ई, सोबत ए आणि डी. आवाज आणि गिटार एकमेकांना उत्तर देतात, एकमेकांवर चढत नाहीत.

ॲलिसनने इथे ड्रमऐवजी पुठ्ठ्याचं खोकं वाजवलं. जाड, दुपदरी पुठ्ठ्याचं खोकं घ्या, तोंड चिकटपट्टीने बंद करा आणि पातळ काठ्यांनी वाजवा. माइक खोक्यापासून वीतभर लांब, थोडा तिरका. फार जवळ ठेवला तर नुसता 'ठप' येतो, पुठ्ठ्याचा पोत येत नाही. मिनिटभरात खोकं एका जागी मऊ पडतं, तेव्हा दुसरी बाजू वापरा.

'एव्हरीडे'मध्ये तर ॲलिसनने स्वतःच्या मांड्यांवर थापा दिल्या आणि पेटीच्या पत्नीने, व्हायने, सेलेस्टा (घंट्यांसारखा आवाज देणारं, पियानोसारख्या पट्ट्यांचं वाद्य) वाजवला. कीबोर्डवर सेलेस्टाचा आवाज असतोच. पट्टी काळी दोन, गिटारवर पहिल्या फ्रेटला कापो (सगळ्या तारा दाबून धरणारी पकड) लावून डी च्या आकारात वाजवा. मधला भाग जी, सी, एफ, बी फ्लॅट असा एकामागून एक कॉर्ड घेत ए वर परततो. तो पाठ करा, बाकी गाणं आपोआप येतं. जीन्स घालून थाप जास्त स्वच्छ येते.

स्वतःच्या सोबत गाणं

'वर्ड्स ऑफ लव्ह'मध्ये ऐकू येणारा दुसरा आवाजही हॉलीचाच आहे. पेटीने एका टेपवरचं वाजवत दुसऱ्या टेपवर हॉलीला पुन्हा गायला लावलं. आज हे दोन ट्रॅकचं काम आहे, पण एकच ट्रॅक कॉपी करून सरकवू नका. त्यातून पोकळ, यंत्रासारखा आवाज येतो. दोनदा खरोखर गा. दुसऱ्या वेळी शब्दांच्या शेवटचे स आणि ट जवळजवळ गाळा, नाहीतर दर ओळीला दोन 'स' ऐकू येतात. दुसरा ट्रॅक पहिल्यापेक्षा थोडा खाली ठेवा आणि दोन्ही मधोमध.

इको बद्दल एक गैरसमज पसरलेला आहे: हॉलीचा इको म्हणजे सन स्टुडिओचा स्लॅपबॅक (एकदाच, चटकन परत येणारा इको). मेम्फिसच्या सन स्टुडिओचा स्लॅपबॅक टेपचा होता. टेपमशीनचं रेकॉर्ड करणारं आणि वाजवणारं हेड यांतल्या अंतरामुळे आवाज उशिरा परत यायचा. तो हवा असेल तर डिले १२० ते १४० मिलिसेकंद, फीडबॅक शून्य. क्लोव्हिसचा इको प्रामुख्याने खोलीचा. हॉलीच्या गाण्यांवर डिलेपेक्षा लहान, उजळ रिव्हर्ब जास्त जुळतो.

काय ऐकायचं, काय टाळायचं

'द चर्पिंग क्रिकेट्स' (नोव्हेंबर १९५७) हा अल्बम घ्याच. त्यातल्या बहुतेक गाण्यांतले पाठीमागचे गायक मात्र क्रिकेट्स नव्हेत, ते आवाज नंतर चढवले गेले. बसवताना ते सोडून दिले तरी चालतात. २१ ऑक्टोबर १९५८ ला न्यू यॉर्कमध्ये तंतुवाद्यांच्या ताफ्यासह केलेली चार गाणी वेगळी ठेवा. 'ट्रू लव्ह वेज' त्यातलंच. ती गायनासाठी ऐका, गिटारसाठी त्यांत फारसं काही नाही.

शेवटच्या महिन्यांत हॉलीने न्यू यॉर्कच्या घरी ॲम्पेक्स टेपमशीनवर एकट्याने काही गाणी रेकॉर्ड केली. मृत्यूनंतर त्यांवर दुसऱ्या वादकांकडून साथ चढवण्यात आली, एकाच गाण्यावर दोन वेगवेगळ्या वेळी. शिकणाऱ्याने मूळ, साथीविना असलेल्या आवृत्त्याच शोधाव्यात. नावापुढे 'अनडब्ड' असं लिहिलेलं असतं. 'लर्निंग द गेम'पासून सुरुवात करा: एक गिटार, एक आवाज, आणि बोटं कुठे बदलतात हे प्रत्येक ठिकाणी स्पष्ट ऐकू येतं.