परदेशातून जुनी मोटरसायकल आणताना : इंदूरच्या संग्राहकांसाठी

परदेशातील जुनी मोटरसायकल आणण्याचा विचार शेवटच्या टप्प्यापासून सुरू करावा. म्हणजे नायता मुंडल्याच्या आरटीओत तिची नोंद होईल का, हे आधी पाहावे आणि मगच विक्रेत्याशी भावाची बोलणी करावीत. बहुतेक जण नेमके उलट करतात आणि लिलावातले छायाचित्र पाहूनच बयाणा पाठवून मोकळे होतात.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली आणि चासी किंवा इंजिनात मोठे फेरबदल न झालेली दुचाकी ‘व्हिंटेज’ ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे चालते, आणि क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते. अर्जासोबत विमा आणि कस्टम्सचे बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाच्या नोंदीचा दस्तऐवज, जोडावे लागते. अशी गाडी रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांपुरतीच रस्त्यावर आणता येते. राजवाड्यापर्यंत रोज फेरी मारण्याचा बेत असेल, तर इथेच थांबलेले बरे.

आयातीच्या धोरणात पूर्वी १ जानेवारी १९५० पूर्वीच्या वाहनांनाच ‘व्हिंटेज’ म्हणून मोकळीक होती. २०२५ मध्ये तिथेही ५० वर्षांची अट आल्यामुळे होंडा सीबी ७५० किंवा नॉर्टन कमांडोच्या सुरुवातीच्या गाड्यांचा मार्ग खुला झाला. तरीही पैसे पाठवण्यापूर्वी विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर आयात धोरणाच्या प्रकरण ८७ (वाहने) खालील ताज्या अटी स्वतः वाचाव्यात. सुटे भाग म्हणून खोके मागवून इथे गाडी जोडण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो कानाआड करावा, कारण अशा गाडीच्या नोंदणीला लागणारे बिल ऑफ एंट्री कधीच हाती येत नाही.

सर्वाधिक वेळ कागदांच्या तपासणीला द्यावा. ब्रिटनमधील व्ही५सी या नोंदणीपत्रावर पहिल्या नोंदणीची तारीख असते. पण लष्करात वापरून नंतर विकल्या गेलेल्या बीएसए एम२० सारख्या गाडीची नागरी नोंद निर्मितीनंतर काही वर्षांनी झालेली असू शकते, आणि वयाची गणना आपल्याकडे नोंदणीच्या तारखेवरून होते. तारीख संशयास्पद वाटल्यास, १९४६ साली स्थापन झालेल्या आणि अनेक कारखान्यांच्या जुन्या नोंदी सांभाळणाऱ्या ब्रिटनमधील व्हिंटेज मोटरसायकल क्लबकडे किंवा त्या कंपनीच्या गाड्यांना वाहिलेल्या क्लबकडे निर्मितीच्या वर्षाचे पत्र मागावे. इंजिन आणि फ्रेमचे क्रमांक जुळत नाहीत म्हणून मात्र लगेच बिचकू नये. त्या काळच्या बीएसएमध्ये ते वेगळेच असत, आणि युद्धोत्तर व्हिन्सेंट ट्विनमध्ये (दोन सिलिंडरच्या गाड्यांत) फ्रेमचा क्रमांक इंजिनाच्या क्रमांकाहून १,९०० ने मोठा असतो. पाहायचे ते ठसे: अक्षरांची उंची असमान असेल किंवा त्यांभोवतीचा धातू घासलेला दिसत असेल, तर जवळून काढलेली छायाचित्रे आणि पेन्सिलने घासून घेतलेला ठसा मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

शुल्क केवळ खरेदीच्या किमतीवर नव्हे, तर तीत वाहतूक आणि विमा मिळवून होणाऱ्या रकमेवर आकारले जाते. वापरलेल्या मालासाठी सनदी अभियंत्याचे मूल्यांकनही मागितले जाते, म्हणून बिलात किंमत कमी दाखवण्याचा विक्रेत्याचा ‘उपकार’ अंगाशी येतो. सौदा करण्यापूर्वीच मुंबईच्या कस्टम्स ब्रोकरकडून लेखी अंदाज घ्यावा, आणि माझ्या मते खरेदीच्या किमतीइतकी रक्कम वेगळी ठेवल्याशिवाय हात घालू नये.

गाडी लाकडी पेटीत बांधून आणावी. पेटीवर आयएसपीएम-१५ चा, म्हणजे लाकडावर कीडरोधक प्रक्रिया झाल्याचा आंतरराष्ट्रीय, शिक्का असल्याची खात्री करावी. टाकीतले पेट्रोल काढून घ्यायला आणि बॅटरी सोडवायला विक्रेत्याला लेखी सांगावे. न्हावा शेवा बंदरात पेटी पडून राहिली की भाडे दिवसागणिक चढते, त्यामुळे जहाज पोहोचण्यापूर्वीच ब्रोकरकडे सगळी कागदपत्रे असावीत. पुढे सेंधव्याच्या घाटातून इंदूरपर्यंतचा प्रवास बंदिस्त वाहनातून करावा, शक्यतो पावसाळा टाळून.

गाडी घरी आल्यावर रंगकाम किंवा जीर्णोद्धार लगेच हाती घेऊ नये. आधी आहे त्या स्थितीत छायाचित्रे काढून नोंदणी पूर्ण करावी. त्यानंतर व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे पाने मिळवावेत, कारण जुन्या ब्रिटिश नटांवर मेट्रिक पाना चालवला की कडा झिजतात, आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग, अगदी निकामी झालेला लुकास मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारा भाग) सुद्धा, चिठ्ठी लावून जपून ठेवावा.