एका सोफ्यावर पाच मतं: 'फोरब्रुडेल्सन' घरच्यांसोबत कशी बघावी

मागच्या वर्षी सासू-सासरे नाशिकहून नव्वद दिवसांच्या व्हिसावर आमच्याकडे कोपनहेगनला आले, ते नेमके नोव्हेंबरात. तिकिटं काढली नवऱ्याने, इथला नोव्हेंबर पुरता माहीत असून. दुपारी चार-सव्वाचारला दिवेलागण, बाहेर भुरभुर पाऊस आणि दोन खोल्यांत चार माणसं. शेवटी मी जुन्या बाजारातून आणलेला 'फोरब्रुडेल्सन' या खुनाच्या तपासावरच्या डेनिश मालिकेचा डीव्हीडी संच काढला. इंग्रजीत हीच मालिका 'द किलिंग' म्हणून ओळखतात. वीस दिवसांनी घरात एका माणसाचं दुसऱ्याशी पटत नव्हतं, आणि तरी सगळे रोज सातच्या ठोक्याला सोफ्यावर हजर होते. ते कसं जमवलं, ते लिहिते. खुनी कोण ते सांगणार नाही, निर्धास्त वाचा.

सगळ्यात आधी वेग ठरवा. पहिल्या सीझनचे वीस भाग आहेत आणि एक भाग म्हणजे तपासाचा एक दिवस. गोष्टही नोव्हेंबरातलीच. म्हणून रोज एक भाग, जास्त नाही. "किती लांबण लावलंय, दर दोन भागांनी नवा संशयित आणि मग तो सुटतो," ही तक्रार मी ज्यांच्या ज्यांच्या तोंडून ऐकली, त्यांनी शनिवार-रविवारात सगळं संपवलेलं होतं. डेन्मार्कात २००७ साली ती डीआर या सरकारी वाहिनीवर रविवारी रात्री आठला लागायची. पहिले दहा भाग वर्षाच्या सुरुवातीला आणि उरलेले थेट शरदात. आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई, वय सत्तरच्या पुढे, त्यांनी ती तेव्हा पाहिली होती. त्या म्हणाल्या, उन्हाळाभर ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत आम्ही एकमेकींवर डाफरायचो. रोज एक भाग पाहिला की संशयित निदान एक रात्र तुमच्या डोक्यात मुक्कामाला राहतो. तरीही मधले तीन-चार भाग रेंगाळतात, हे मी कबूल करते. त्या दिवसांसाठी भजी ठेवा.

दुसरं, कोण कुठल्या घरात राहणार ते पाहून घ्या. म्हणजे असं की गोष्ट तीन ठिकाणी चालते. एक पोलीस ठाणं, तिथे तपास करणारी सारा लुंड आणि तिच्या गळ्यात पडलेला फटकळ सहकारी मायर. दुसरं बिर्क लार्सन यांचं घर. ट्रकने लोकांचं सामान हलवायचा धंदा, खाली गॅरेज आणि वर बिऱ्हाड. त्यांची एकोणीस वर्षांची नाना मारली गेली आहे. (मुलीचं नाव नाना. सासूबाईंना हे पचायला दोन दिवस लागले.) तिसरं महापालिका, तिथे ट्रोल्स हार्टमान निवडणूक लढवतोय आणि नानाचा मृतदेह सापडतो तो त्याच्या प्रचाराच्या गाडीत. प्रत्येक माणूस नकळत यातल्या एका ठिकाणी जाऊन बसतो आणि बाकीच्या दोन ठिकाणी कॅमेरा गेला की चुळबुळ करतो. मालिकेबद्दलची निम्मी भांडणं तिथून सुरू होतात. सासूबाई पहिल्या दिवसापासून लार्सनांच्या स्वयंपाकघरात, नवरा पोलिसांबरोबर. सासरे जिल्हा परिषदेत हिशेब तपासणीत होते, त्यांचा मुक्काम थेट महापालिकेत. "फाइल कुणाच्या टेबलावरून गेली ते बघा, खुनी आपोआप सापडेल," हे त्यांचं वाक्य आम्ही वीसही दिवस ऐकलं.

महापालिकेचा धागा कंटाळवाणा वाटतो असं आपल्याकडचे पुष्कळ जण म्हणतात. त्याला एक साधं कारण आहे, आणि ते पहिल्या भागाआधीच सांगून टाकावं. आपला महापौर म्हणजे फीत कापणारा माणूस, खरी सही आयुक्तांची. त्या खुर्चीसाठी एवढा जीव का टाकायचा, असं वाटणारच. कोपनहेगनमध्ये तसं नाही. इथे एक मुख्य महापौर असतो, पालिकेच्या तिजोरीची समिती त्याच्या हाती, आणि शिवाय सहा महापौर, एकेका खात्याचे प्रमुख. हार्टमान हा शाळांचा महापौर आहे आणि त्याला मुख्य व्हायचंय. एकट्याच्या जोरावर कुठलाच पक्ष तिथवर पोचत नाही, म्हणून सगळी खलबतं. हे मी चहा पिता पिता पाच मिनिटांत सांगितलं, आणि सासरे म्हणाले, "म्हणजे स्थायी समितीच की." अगदी तेच नाही, पण काम भागलं.

आता भाषेबद्दल, कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली. मूळ डेनिश आवाजच ठेवा, दुसऱ्या भाषेतले आवाज चढवलेलं नको. पण सासू-सासऱ्यांना ना डेनिश येत, ना पळती इंग्रजी अक्षरं वाचता येत, तेव्हा दुभाषी मीच. डेनिशमध्ये सगळ्यांना एकच 'डु'. शिपाई असो की महापौर. आदरार्थी शब्द आहे, पण तो आता राजघराण्यापुरताच उरलाय. मी पहिले दोन दिवस सरळ 'डु'चं 'तू' करत गेले. लुंड हार्टमानच्या दालनात शिरते आणि विचारते, त्याचं माझ्या तोंडून झालं, "शुक्रवारी रात्री तू कुठे होतास?" सासरे सरसावून बसले. "ही बाई महापौराला अरे-तुरे करते? हिला कामावर ठेवलं कुणी?" सासूबाईंनी दुजोरा दिला: उद्धट आहे, हसत नाही, पोराकडे लक्ष नाही. तिसऱ्या दिवशी मी 'तुम्ही' वापरायला लागले. "शुक्रवारी रात्री आपण कुठे होतात?" तीच बाई, तोच थंड चेहरा, आणि सासरे म्हणाले, "आज जरा नीट बोलली." लुंडबद्दल लोकांची मतं इतकी टोकाची का, याचा थोडा तरी उलगडा मला त्या संध्याकाळी झाला. तर सल्ला असा: भाषांतर करणाऱ्याने अरे की अहो हे आधी ठरवावं आणि मधेच बदलू नये. मी बदललं, त्यामुळे आमच्या घरचा निकाल थोडा नासलाच.

लुंडच्या आईपणावरून भांडण होणारच. तिचा कोपनहेगनमधला शेवटचा दिवस आहे, सामान बांधलेलं, होणाऱ्या नवऱ्याकडे स्वीडनला निघालेली, आणि ती निघतच नाही. मुलगा मार्क ताटकळतोय. सासूबाई रोज चिडायच्या. मी एकदाच विचारलं, मायरच्या घरीही लहान मुलं आहेत, त्याच्यावर का नाही चिडत? उत्तर आलं नाही, पण चहा मात्र मलाच करायला लागला. हा प्रश्न सहाव्या-सातव्या दिवशी विचारा. आधी विचारलात तर व्याख्यान वाटतं. आणि स्वेटरबद्दल कुणी काही म्हटलं तर म्हणू द्या. फेरो बेटांवरचा तो काळा-पांढरा लोकरी स्वेटर लुंडचं काम करणाऱ्या सोफी ग्रोबोलने स्वतः निवडला होता. सासूबाईंचं मत, "रोज तोच? धुते कधी?" आमच्या घरी मालिकेचं नावच 'स्वेटरवाली' पडलं.

चिठ्ठ्यांची बरणी कराच. लोणच्याची रिकामी बरणी घ्या, घासून, तरी वास राहतोच. भाग संपला की प्रत्येकाने बोलायच्या आधी चिठ्ठीवर तारीख, नाव आणि संशयित लिहून आत टाकायचा. बोलायच्या आधी, हे महत्त्वाचं, नाहीतर सगळ्यात मोठा आवाज ज्याचा, त्याचंच मत सगळ्यांचं होतं. जुनी चिठ्ठी काढायची नाही. मत बदललं तर नवी टाकायची.

शाळेतला एक शिक्षक संशयाच्या फेऱ्यात येतो. नाव रहमान अल केमाल, पण सगळे त्याला 'रामा' म्हणतात. सासूबाईंनी फर्मावलं, रामा खून करणार नाही. सासरे म्हणाले, नावावर जाऊ नकोस. वरच्या बाईंचं म्हणणं निराळंच होतं. परदेशी आडनावाचा माणूस दिसला की बघणाऱ्याचं मन आपसूक तिकडे धावतं, आणि मालिका ते धावणं वापरून घेते. हे त्यांना २००७ मध्येही खटकलं होतं आणि आजही खटकतं. माझं मत उलट. मालिका आपल्याला ते करताना पकडते. हा वाद मिटला नाही. तो मिटवायला जाऊ नका, फक्त त्या दिवशी पुढचा भाग लावू नका.

शेवट माहीत असलेलं माणूस सोबत असेल तर त्याला चिठ्ठीचा हक्क नाही आणि बसायची जागा सगळ्यांच्या मागे. वरच्या बाई पहिल्या दिवशी समोर बसल्या होत्या. सासूबाई पडदा सोडून त्यांच्याच चेहऱ्याकडे बघायला लागल्या.

पहिल्या भागाच्या शेवटी एक प्रसंग आहे. पाण्यातून गाडी वर काढतात, बाप टाईस तिथे धावत पोचतो, आणि आई पर्निले फोनवर आहे. तिला काहीच दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. इथे भाषांतर करू नका. गरज पडत नाही. त्या रात्री चिठ्ठ्याही टाकल्या नाहीत, सासूबाई उठून नाशिकला माझ्या नणंदेला फोन लावायला गेल्या. तिकडे रात्रीचे साडेबारा वाजले होते.

बाहेरच्यांपासून सांभाळा. अकराव्या दिवशी ठाण्याहून दिराने व्हिडिओ कॉलवर बिनदिक्कत खुनी सांगून टाकला. घरात सुतक. मग विचारपूस केली तेव्हा कळलं, त्याने पाहिलं होतं ते सिएटलमध्ये घडणारं अमेरिकन रूप, २०११चं. त्याच्या पहिल्या सीझनचे तेरा भाग संपले तरी खुनी सांगितला नव्हता आणि तिकडचे प्रेक्षक जाम भडकले होते. शिवाय त्यांनी शेवटी खुनीही बदलला. तेव्हा कुणी उगाच काही सांगितलंच, तर कुठली मालिका ते आधी विचारा.

विसावा भाग संपला की लगेच बरणी उघडू नका. निम्मे म्हणतील फसवलं, निम्मे म्हणतील मला माहीत होतं. दोघांवर उपाय एकच: त्याच रात्री पहिला भाग पुन्हा लावा. नवऱ्याचं म्हणणं होतं की पुरावे लपवले. पाऊण तासात त्याने दोनदा "अरेच्चा" केलं आणि एकदा "हे मात्र पटत नाही". मला वाटतं ते तिन्ही बरोबर होते. खुनामागचं कारण मलाही थोडं ओढून आणलेलं वाटतं, पण टाईस आणि पर्निलेचं दुःख तसूभरही नाही. बरणीत बरोबर नाव एकाच चिठ्ठीवर निघालं, चौथ्या दिवशीचं, सासऱ्यांच्या अक्षरात. पाचव्या दिवशी त्यांनीच ते बदललं होतं, फाइलींच्या नादात.

दुसरा सीझन २००९चा, तिसरा २०१२चा, दोन्ही दहा-दहा भागांचे. तिसऱ्याच्या शेवटावरून वरच्या बाई आणि त्यांची मुलगी अजून वाद घालतात म्हणे. दुसरा आम्ही आता दर रविवारी बघतो, सासू-सासरे नाशिकहून फोनवर. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक आहे, तेव्हा इथे दुपारी तीनला लावायचा, तिकडे साडेसात. दोन्हीकडे एकदम 'तीन, दोन, एक' म्हणून बटण दाबायचं. सासरे नेहमी 'दोन'लाच दाबतात.